हिरवे की लाल? ग्राफिक्स कार्डांवरच्या निष्ठेची मुळे

गेमचे चित्र पडद्यावर काढणारी मधल्या किमतीची दोन ग्राफिक्स कार्डे शेजारी ठेवली, एक हिरव्या रंगाच्या एनव्हिडियाचे आणि एक लाल रंगाच्या एएमडीचे, तर बऱ्याच गेममध्ये दोघांच्या फ्रेममधला, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येतला, फरक डोळ्यांना जाणवतही नाही. कधी लालवाल्यांचे कार्ड स्वस्त असते, कधी त्यात मेमरी जास्त असते. तरी बहुतेकांचा हात हिरव्या डब्याकडे जातो. का, म्हणून विचारले तर समोरच्या कार्डाबद्दल फार कमी ऐकायला मिळते. कुठला तरी जुना ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर), मित्राचे भट्टीसारखे तापणारे कार्ड, एखाद्या गेममध्ये न दिसलेला धूर असे काहीबाही निघते. ही आवड फ्रेम मोजून ठरलेली नाही. ती कशी घडली हे पाहायला १९९६ सालापर्यंत मागे जावे लागते, आणि गंमत म्हणजे तेव्हाचा नायक आजच्या दोघांपैकी कोणीच नव्हता.

त्या वर्षी ३डीएफएक्स या कंपनीची वूडू चिप असलेली कार्डे आली. ही कार्डे फक्त त्रिमितीय चित्र काढायची. विंडोजच्या नेहमीच्या पडद्यासाठी दुसरे कार्ड लागायचेच, आणि दोन्ही जोडायला संगणकाच्या पाठीमागे एक आखूड केबल लावावी लागे. एवढा खटाटोप लोक हौसेने करत, कारण क्वेकसारखा गेम एकदा वूडूवर पाहिला की साधे खडबडीत चित्र पाहवत नसे. पण ग्यानबाची मेख होती ती ग्लाइडमध्ये. ग्लाइड म्हणजे गेमने कार्डाशी बोलायची ३डीएफएक्सची घरची भाषा. गेम बनवणाऱ्यांना ती सोयीची वाटली, त्यांनी तिच्यात गेम लिहिले, आणि दुसऱ्या कुणाच्या कार्डाला ती येत नव्हती. गेमर बांधला गेला तो चिपपेक्षा या भाषेला. पुढचे बरेचसे डावपेच या एकाच धड्याच्या आवृत्त्या आहेत.

१९९३ मध्ये स्थापन झालेल्या एनव्हिडियाने हा धडा उलट्या बाजूने शिकून घेतला होता. तिची १९९५ मधली पहिली चिप, एनव्ही१, सगळे जग त्रिकोणांनी आकृत्या रचत असताना वक्र पृष्ठे वापरत होती. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सने, म्हणजे विंडोजवरच्या गेमांच्या सामाईक भाषेने, त्रिकोण उचलून धरले आणि ती चिप वाया गेली. आपली भाषा लादण्याइतके वजन अंगात नसेल, तर मुकाट्याने सगळ्यांची भाषा बोलावी. १९९७ च्या रिव्हा १२८ ने तेच केले. १९९८ मध्ये रिव्हा टीएनटी आली, ३२-बिट रंग घेऊन. १९९९ चे वूडू३ मात्र त्रिमितीय चित्र अजून १६-बिट रंगांतच काढत होते. त्यातच ३डीएफएक्सने एसटीबी ही कार्डे बनवणारी कंपनी विकत घेऊन हात दाखवून अवलक्षण केले. कालपर्यंत तिच्या चिप घेऊन कार्डे विकणाऱ्या कंपन्यांची ती आता स्पर्धक झाली, आणि त्या कंपन्या एनव्हिडियाकडे वळल्या. डिसेंबर २००० मध्ये ३डीएफएक्सची मालमत्ता विकत घेण्याचा करार एनव्हिडियानेच केला. ग्लाइडवर जीव असलेले गेमर पोरके झाले.

आता मैदानात उरली कॅनडातली एटीआय, जी पुढे एएमडीने विकत घेतली. आजही एएमडीच्या नावाने जे पहिले बोट मोडले जाते ते ड्रायव्हरचे, आणि त्याचे मूळ एएमडीच्याही आधीचे, एटीआयचे आहे. १९९९ मध्ये एटीआयने रेज फ्युरी मॅक्स हे दोन चिपांचे कार्ड काढले. पुढे विंडोज २००० आले, आणि त्यावर दुसरी चिप नुसती शोभेला राहिली. दोन चिपांचे पैसे मोजलेल्या माणसाने हे विसरावे तरी कसे? मग २००१ मध्ये रेडिऑन ८५०० च्या ड्रायव्हरची लबाडी उघडी पडली. क्वेक ३ च्या फाइलचे नाव बदलून ‘क्वॅक’ केले की वेग घसरायचा. ड्रायव्हर नाव पाहून गेम ओळखत होता आणि चित्राचा दर्जा गुपचूप उतरवून आकडे फुगवत होता. एनव्हिडियालाही धुतल्या तांदळाची म्हणता येणार नाही. २००३ मध्ये थ्रीडीमार्क या चाचणीसाठी तिच्या ड्रायव्हरमध्ये केलेल्या तशाच करामती पकडल्या गेल्या. पण लोकांच्या लक्षात एकाच बाजूची गोष्ट राहिली.

खरे तर त्या काळात निष्ठा बरीच पातळ होती. ऑगस्ट २००२ मध्ये एटीआयचे रेडिऑन ९७०० प्रो आले आणि डायरेक्टएक्स ९ च्या शर्यतीत कित्येक महिने पुढे निघून गेले. उत्तरादाखल २००३ मध्ये आलेल्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका आवाज करायचा, की पालापाचोळा उडवणाऱ्या यंत्राशी त्याची तुलना करणारी विनोदी चित्रफीत खुद्द एनव्हिडियाच्याच लोकांनी काढली. गेमर ढिगाने लालकडे गेले. (तेव्हा एटीआय लालच होती, एएमडी हिरवी होती. २००६ मध्ये एएमडीने ५.४ अब्ज डॉलरना एटीआय घेतली आणि हळूहळू स्वतःच लाल झाली.) सहज गेले, कारण मागे सोडण्यासारखे काही नव्हते. दोन्ही कार्डे डायरेक्टएक्सच बोलत होती. जुने काढले, नवे बसवले, संपले.

ही सहजता संपली २००६ नंतर, आणि माझ्या मते सगळ्या कहाणीतले वळण हेच आहे. नोव्हेंबर २००६ चे जीफोर्स ८८०० जीटीएक्स वेगाने जबरदस्त होतेच. त्याच पिढीपासून, २००७ मध्ये, कूडा हे एनव्हिडियाचे सॉफ्टवेअर आले आणि गेमपलीकडची गणिते कार्डावर करता येऊ लागली. २००८ मध्ये एनव्हिडियाने एजिया कंपनी घेतली आणि गेममधल्या वस्तूंच्या हालचाली खऱ्यासारख्या दाखवणारे तिचे फिजएक्स आपल्या कार्डांवर आणले. फडफडणारे कागद, लोळणारा धूर, फुटणारी काच. लाल कार्डावरही गेम चालायचा, पण धुरावाचून किंवा प्रोसेसरवर रडतखडत. पुढच्या वर्षी तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने नवाच नियम काढला. मुख्य कार्ड एएमडीचे ठेवून फिजएक्सपुरते एनव्हिडियाचे जोडले, तर फिजएक्स बंद. ग्लाइडचे भूत परत आले, फक्त आता ते गेमच्या एका कोपऱ्यात बसत होते आणि सोडून जाणाऱ्याला तेवढेच टोचत होते.

नेमक्या याच काळात एएमडीची कार्डे उत्तम होती. जून २००८ मध्ये एचडी ४८७० आले २९९ डॉलरला. एनव्हिडियाला आपले ६४९ डॉलरचे जीटीएक्स २८० काही आठवड्यांत ४९९ वर उतरवावे लागले. २००९ च्या एचडी ५८७० नंतर सुमारे अर्ध्या वर्षाने, मार्च २०१० मध्ये, एनव्हिडियाचे जीटीएक्स ४८० आले, तेही तापट आणि विजेला हावरे. तरी कितीतरी जण त्याच्यासाठी थांबले होते. २००३ मध्ये असे थांबायला कुणाला कारण नव्हते.

ड्रायव्हरची जखमही अधूनमधून उघडी पडत राहिली. सेकंदाला किती फ्रेम हे सगळेच मोजत. २०११ मध्ये एका तंत्रविषयक संकेतस्थळाने प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागतो हे मोजायला सुरुवात केली. सरासरी झकास आणि चित्र मात्र अडखळते, या तक्रारीला आता आकडा मिळाला. एएमडीची दोन कार्डे जोडून खेळणाऱ्यांना त्याचा सर्वाधिक फटका बसला. दुरुस्तीचा ड्रायव्हर ऑगस्ट २०१३ मध्ये आला. एएमडीच्या २०१९ च्या आरएक्स ५७०० एक्सटीवर खेळता खेळता पडदा काळा पडायचा, आणि त्यावरच्या दुरुस्त्या २०२० पर्यंत येत राहिल्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. एएमडीचे आजचे ड्रायव्हर पुष्कळ सुधारले असले तरी फुंकर घालण्याची सवय गेलेली नाही, आणि ज्यांचे तोंड पोळलेच नाही तेही ऐकून फुंकतात.

एनव्हिडियाच्या चुकाही लहान नव्हत्या. २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या निकामी होणाऱ्या चिपांपायी तिने १९ कोटी ६० लाख डॉलरची तरतूद केली. जीटीएक्स ९७० च्या चार जीबीतला शेवटचा अर्धा जीबी संथ असल्याचे २०१५ मध्ये बाहेर आले आणि अमेरिकेत ग्राहकांना ३० डॉलर देण्यावर तडजोड झाली. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या वीजजोडणीचे प्लग वितळले. इतके होऊन बाजार फारसा हलला नाही. सर्वांत वेगवान कार्ड कुणाचे, याचे उत्तर बहुतेक वर्षे हिरवेच राहिले. शिखरावरचे कार्ड घेणारे मोजके असतात, पण खालचे कार्ड घेणारा शिखराकडे पाहूनच नाव ठरवतो. एएमडीचे २०१६ चे आरएक्स ४८० हे एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०६० च्या तोडीस तोड होते. स्टीम या ऑनलाइन गेमविक्री मंचाच्या, खेळणाऱ्यांच्या संगणकांच्या पाहणीत मात्र १०६० नेच कित्येक वर्षे पहिला नंबर धरून ठेवला. त्यात २०१७ च्या आभासी चलनाच्या लाटेत एएमडीची कार्डे गेमरांऐवजी खाणवाल्यांच्या, म्हणजे कार्डांवर गणिते चालवून ते चलन कमावणाऱ्यांच्या, कपाटांत गेली. विक्री झाली, पण त्यातून चाहते कुठून जोडले जाणार?

मग एएमडीने काय केले? ज्याच्याकडे कुलूप लावण्याइतकी ताकद नसते तो दार उघडे ठेवण्याचे कौतुक सांगतो. हे थोडे खवचट झाले, पण अगदी खोटे नाही. एनव्हिडियाने २०१३ मध्ये मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारे जी-सिंक आणले, त्यासाठी मॉनिटरमध्ये तिचा खास भाग हवा. त्याच कामाच्या एएमडीच्या फ्रीसिंकने खुले मानक धरले, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियालाच तशा मॉनिटरना मान्यता द्यावी लागली. गेमने कार्डाशी बोलायच्या एएमडीच्या मँटल या भाषेचा पाया पुढे २०१६ च्या व्हल्कन या खुल्या भाषेला मिळाला. प्लेस्टेशन ४ पासून सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही मोठ्या कन्सोलमध्ये एएमडीची चिप आहे. लिनक्सवाल्यांचे प्रेम तर वेगळ्याच कारणाने जडले. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका व्याख्यानात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला उद्देशून जाहीरपणे मधले बोट दाखवले होते, आणि त्या जगात एएमडीचा खुला ड्रायव्हर हाच आजही सोपा मार्ग समजला जातो.

पण सगळ्यांत घट्ट कुलूप २०१८ मध्ये लागले. एनव्हिडियाची आरटीएक्स २० मालिका आली तेव्हा रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून काढलेले चित्र, दाखवायला गेमच नव्हते आणि कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणारे डीएलएसएस धूसर दिसायचे. लोक हसले. मार्च २०२० च्या डीएलएसएस २ नंतर हसणे थांबले. फ्रेम वाढतात आणि चित्रही फारसे बिघडत नाही, मग चिपची तुलना चिपशी कशी करायची? एएमडीने जून २०२१ मध्ये त्याच कामाचे आपले एफएसआर दिले आणि सवयीप्रमाणे सर्वांना दिले. जुन्या जीटीएक्स १०६० वाल्यालाही, ज्याला त्याच्याच कंपनीने डीएलएसएस दिले नव्हते. चित्राचा दर्जा मात्र मागेच राहिला.

मार्च २०२५ मध्ये आरएक्स ९००० मालिकेसोबत एफएसआर ४ आले आणि चित्राच्या बाबतीत एएमडी पहिल्यांदा बरोबरीच्या जवळ पोहोचली. ते अधिकृतपणे चालत होते फक्त त्याच नव्या मालिकेवर. दोन वर्षांपूर्वी आरएक्स ७००० घेतलेल्यांना त्यात जागा नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत एनव्हिडियाने डीएलएसएसचे नवे, सुधारलेले मॉडेल २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपर्यंत मागे पोहोचवले होते.