ठिपकेदार घोडे (अंगावरील रंगनमुने)

पांढऱ्या अंगावर गडद, बहुधा लंबगोल ठिपके असलेल्या घोड्यांना ठिपकेदार घोडे म्हणतात. अबलख घोडा वेगळा. त्याच्या अंगावर पांढऱ्या रंगाचे मोठे, सलग चट्टे असतात. ठिपकेदार घोड्यातील ठिपके मात्र पांढऱ्यावर उमटलेले नसून पांढरेपणा पसरल्यावर उरलेला मूळ रंग असतो. हे ध्यानात घेतले की त्याचे सारे नमुने उलगडतात. पांढरेपणा पुठ्ठ्यापुरता राहिला तर झूल टाकल्यासारखा दिसतो, सर्वांगावर पसरला तर बिबट्यासारखा ठिपक्यांचा नमुना होतो.

या साऱ्याच्या मुळाशी ‘लेपर्ड कॉम्प्लेक्स’ (एलपी) हा जनुकभेद आहे. टीआरपीएम१ जनुकात १,३७८ बेस-जोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) विषाणूजन्य तुकडा घुसल्याने तो निर्माण झाला, हे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. पांढरेपणा किती पसरावा हे प्रामुख्याने ‘पॅटर्न-१’ हा दुसरा जनुकभेद ठरवतो. एलपी आईबाप दोघांकडून आला, तर ठिपके जवळजवळ नाहीसे होतात.

ठिपके नसले तरी एलपी ओळखता येतो. तोंड व डोळ्यांभोवतीची कातडी गुलाबी-काळी चितकबरी असते, खुरांवर उभे पट्टे असतात आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग दिसतो. एकरंगी जन्मलेल्या शिंगरातही वयाबरोबर पांढरे केस मिसळत जातात. नाकाचे हाड, गालफडे अशा हाडाळ जागी मात्र रंग टिकतो. म्हणून शिंगराच्या अंगावरून मोठेपणीच्या रूपाचा अंदाज बांधणे धोक्याचे.

टीआरपीएम१ त्वचेप्रमाणेच डोळ्याच्या पडद्यातही काम करतो. त्यामुळे दोन एलपी प्रती (आईकडून एक, बापाकडून एक) असलेल्या घोड्याला जन्मतः रातांधळेपणा असतो. तो वाढत नाही, पण अंधारात असा घोडा बिचकतो, अडखळतो. केवळ देखणेपणासाठी असे घोडे पैदा करताना ही किंमत घोड्यालाच मोजावी लागते, याचा विचार पाळणाऱ्याने करायलाच हवा.

फ्रान्समधील पेश मेर्ल गुहेत सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची ठिपकेदार घोड्यांची चित्रे आहेत. ती कल्पनाचित्रे मानली जात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनए अभ्यासात मात्र माणसाळण्यापूर्वीच्या ३१ घोड्यांपैकी ६ मध्ये एलपी आढळला. चितारणाऱ्याने असे घोडे खरोखर पाहिले असावेत. आजच्या जातींपैकी अमेरिकेतील नेझ पर्स लोकांनी जोपासलेल्या घोड्यांपासून आलेला अ‍ॅपलूसा आणि डेन्मार्कचा क्नाबस्ट्रुपर या प्रमुख होत.