जीवनहेतू

जीवनहेतू : आपल्या जगण्याला दिशा आहे, आज केलेल्या कामाचा उद्याशी काही संबंध आहे आणि आपण नसलो तर कुणाचे तरी अडेल, अशी माणसाला असलेली टिकाऊ जाणीव. ती नाहीशी होते तेव्हा लोक ‘कशातच मन लागत नाही’, ‘नुसता रेटतोय’, ‘पुढे काय तेच कळत नाही’ असे बोलतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम डेमन यांनी २००३ मध्ये हेतूच्या व्याख्येत दोन अटी घातल्या : ते काम करणाऱ्याला स्वतःला मोलाचे वाटले पाहिजे आणि त्याचा परिणाम स्वतःपलीकडच्या जगावर झाला पाहिजे. या कसोटीवर ठाण्याच्या घोडबंदर रोडला टू बीएचके घेणे हे ध्येय ठरते, हेतू नव्हे. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता फिटला की ध्येय संपते, आणि पुष्कळांची पंचाईत नेमकी तिथून सुरू होते.

भारतीय परंपरेने हा प्रश्न चार पुरुषार्थ आणि चार आश्रम यांच्या चौकटीत बसवला. कोणी कोणत्या वयात काय करायचे हे जन्माने ठरलेले असल्यामुळे ‘मी काय करू’ असा प्रश्न फारसा उठत नसे; ज्यांना तो उठवण्याची मुभाच नव्हती, त्यांची संख्या मोठी होती. वारकरी संतांनी या चौकटीला तडा दिला. सावता माळ्यांना विठ्ठल मळ्यातल्या भाजीत दिसला, गोरोबांना चिखल तुडवताना. हाताशी असलेले काम आणि जगण्याचे प्रयोजन यांत त्यांनी अंतर ठेवले नाही. मराठी मनाला हेतूची कल्पना आजही याच वाटेने सर्वांत लवकर पटते.

आधुनिक मानसशास्त्रात या विषयाशी जोडले जाणारे पहिले नाव व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल (१९०५–१९९७) यांचे. १९४२ ते १९४५ या काळात ते नाझी छळछावण्यांत होते आणि आधीपासून मांडत आलेल्या लोगोथेरपी या, जगण्यातला अर्थ शोधण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीला त्यांनी त्या अनुभवाची जोड दिली, एवढे सर्वांना माहीत असते. छावण्यांआधीचे त्यांचे एक काम मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि कारखाने बंद पडलेल्या ठाण्यासारख्या शहराला तेच जास्त लागू पडते. १९३० च्या दशकातील मंदीत त्यांनी बेकार तरुणांवर उपचार केले. या तरुणांना आपण बेकार म्हणजे निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे जगणे निरर्थक, असे वाटत होते. फ्रांकल यांनी त्यांना वाचनालये, प्रौढशिक्षणाचे वर्ग, युवक संघटना अशा ठिकाणी बिनपगारी कामाला लावले. पोट रिकामेच राहिले, पण खिन्नता ओसरली, असे त्यांनी नोंदवले आहे.

त्याच सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावात मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे संशोधक बेकारीचा अभ्यास करत होते. संपूर्ण गाव एका कापड गिरणीवर जगत होते आणि गिरणी १९२९–३० मध्ये बंद पडली. हातात भरपूर वेळ आल्यावर लोक अधिक वाचतील, सभा-संघटनांत रमतील, असा अंदाज कुणीही केला असता. झाले उलट. वाचनालयाची वर्गणी माफ होऊनही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. दिवसभर काय केले असे विचारल्यावर पुरुषांना उठणे, जेवणे आणि झोपणे एवढेच आठवे. संशोधकांनी खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांची चालसुद्धा मोजली. पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत, तर स्त्रिया झपाझप जात. त्यांचाही पगार गेला होता, पण घरकाम संपलेले नव्हते. याहोदा यांनी पुढे यातून सिद्धान्त मांडला : नोकरी पगाराखेरीज वेळेला आकार देते, घराबाहेरच्या माणसांशी गाठ घालते, सामूहिक उद्दिष्टात वाटा देते, ओळख देते आणि हातपाय हलते ठेवते. दिशाहीनतेवरचे बहुतेक लेखन माणसाच्या मनात डोकावते. मारिएन्थालच्या संशोधकांनी घड्याळ, रस्ता आणि वाचनालय पाहिले, आणि म्हणून त्यांचे म्हणणे जास्त विश्वासार्ह वाटते.

ठाणे–बेलापूर पट्ट्याकडे याच नजरेने पाहता येते. येथे एका आयुष्याच्या अवधीत दोनदा मोठ्या समूहांचे दिनक्रम मोडले. पहिली मोड जमिनीची. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. या गावांतल्या आगरी-कोळी कुटुंबांचे वर्ष ठरलेले होते : पावसाळ्यात खारजमिनीत भात, उघाडीनंतर मिठागर, आणि उधाण-भांगाच्या, म्हणजे मोठ्या-लहान भरतीच्या हिशेबाने खाडीतली मासेमारी. खाऱ्या पाण्याने बांध फुटला तर गावाने मिळून तो घालायचा, त्यात कुणाला न विचारता सुटी घेता येत नसे. संपादनाविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई–दास्तान फाटा परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक मारले गेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मोबदला जमिनीचा ठरला. भरती-ओहोटीवर बेतलेल्या दिवसाचा ठरवता येण्यासारखा नव्हताच. लढणाऱ्या पिढीला लढ्यानेच एक हेतू पुरवला होता. ‘आता काय’ हा प्रश्न अधिक बोचला तो नंतरच्या पिढीला, जिच्या वाट्याला भूखंड आणि खोल्यांचे भाडे आले, पण बांध घालायला बोलावणारे कुणी उरले नाही. गावकीचे उत्सव, क्रिकेटचे सामने आणि प्रकल्पग्रस्तांच्या संघटना यांना या गावांत जे महत्त्व आहे, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

दुसरी मोड कारखान्यांची. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर वागळे इस्टेट आणि ठाणे–बेलापूर मार्ग येथे अभियांत्रिकी, रसायने, औषधे, यंत्रसामग्री यांचे कारखाने उभे राहिले. पुढे त्यांतले बरेच बंद पडले किंवा दूर गेले. त्या जागांवर आयटी पार्क आणि गृहसंकुले आली. कामगारांच्या हातात व्हीआरएसची (स्वेच्छानिवृत्तीची) रक्कम पडली आणि पाळी, भोंगा, कँटीन, युनियनची सभा हे सारे एकदम थांबले. चाळिशी-पंचेचाळिशीतला कुशल फिटर रिक्षा चालवू लागला किंवा दुसऱ्याच्या गेटवर पहाऱ्याला बसला. घरातल्या बाईने मात्र डबे किंवा पोळीभाजी सुरू करून दिवसाला पुन्हा वेळापत्रक आणले, हे अनेक घरांत दिसले. मारिएन्थालच्या रस्त्यावरचा फरक इथे स्वयंपाकघरात उमटला.

आजच्या तरुणांची अडचण निराळ्या स्वरूपाची आहे. त्यांच्यासमोर वाटा कमी नाहीत, फार आहेत. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. तिची ‘वेध’ ही परिषद करिअरच्या माहितीला, वेगळ्या वाटेने गेलेल्या माणसांशी व्यासपीठावरच्या गप्पांची जोड देते आणि ती ठाण्याबाहेरही अनेक गावांत पोचली आहे. अशा गप्पांतून मुलांच्या हाती लागते ते उत्तर कमी, आणि उत्तर शोधायला लागलेल्या वर्षांचा अंदाज अधिक. ही काही कमी गोष्ट नाही. मात्र करिअर निवडले म्हणजे हेतू सापडला, ही समजूत या पट्ट्यातील मध्यमवर्गीय घरांत घट्ट बसली आहे, आणि ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत चांगल्या पगारावर बसून ‘हे मी कशासाठी करतोय’ असे विचारणारे तरुण तिचा फोलपणा दाखवतात.

मापन : हेतूची जाणीव मोजण्यासाठी क्रंबॉ आणि माहोलिक यांनी १९६४ मध्ये वीस विधानांची चाचणी तयार केली. मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रश्नावलीत अर्थ असल्याची जाणीव आणि अर्थाचा शोध हे दोन वेगळे घटक मोजले जातात. शोध वाढला की जाणीवही वाढते असे नाही, म्हणून ‘आधी स्वतःला शोध’ हा सल्ला जपून द्यावा. जपानच्या ओहसाकी भागातील ४३,३९१ प्रौढांवर सात वर्षे नजर ठेवून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जगण्यासारखे काही आहे, म्हणजे ‘इकिगाई’ आहे, असे न वाटणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. अर्थात प्रकृती ढासळल्यामुळेही असे वाटू शकते, तेव्हा कार्यकारण लावताना सावध राहावे लागते. व्हॉट्सॲपवर फिरणारी चार वर्तुळांची ‘इकिगाई’ आकृती जपानी नाही. ती एका स्पॅनिश लेखकाच्या आकृतीवरून २०१४ मध्ये एका ब्रिटिश ब्लॉगलेखकाने बेतली. जपानी वापरात नातवंडांना शाळेत सोडणे किंवा सकाळचा चहासुद्धा इकिगाई असू शकतो. त्यातून पैसे मिळण्याची अट नसते.

उपाय : संशोधन आणि व्यवहार यांचा मेळ ज्या ठिकाणी बसतो तो मुद्दा असा, की दिशाहीन वाटत असताना उत्साह येण्याची वाट न पाहता आधी एखादे लहान, ठरल्या वेळेचे, दुसऱ्याला उपयोगी पडणारे काम अंगावर घ्यावे, उत्साह मागून येतो. वर्तनोपचारात याला वर्तन-सक्रियता म्हणतात. ज्येष्ठ नागरिक संघाचे हिशेब पाहणे, ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर लावलेल्या रोपांना उन्हाळाभर पाणी घालणे, पालिका शाळेतल्या मुलांचे गणित घेणे, १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेत हातभार लावणे, यांत काम कोणते हे दुय्यम. आपण न गेल्यास फोन येतो का, हे पाहावे. फोन येत नसेल तर ती करमणूक झाली, आणि करमणुकीने सुटीचा दिवस भरतो, वर्ष भरत नाही. निवृत्तांना हे लवकर उमगते. ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर रोज बसणाऱ्यांतही, मंडळाची काही जबाबदारी असलेला माणूस घड्याळ पाहून उठतो.

नैराश्याशी फरक : दिशाहीनता हा आजार नव्हे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक बिघडली, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नाही, अपराधी वाटू लागले किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर हेतूवर चर्चा करत बसू नये; तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर औषधे व मानसोपचार आहेत. अशा वेळी ‘काहीतरी छंद लाव’ हा घरचा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, रुग्णाचा अपराधभाव वाढवणारा ठरतो. ठाण्यात १९०१ पासून प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि तेथे बाह्यरुग्ण म्हणूनही तपासून घेता येते. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते.