सोलर बसवायचंय? आधी मीटरपेटी उघडा
कोल्हापूर आणि आसपासच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किलोवॅटला किती?" आम्ही फोनवर भाव सांगत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइकं हातची जातात, तेही आम्हाला माहीत आहे. पण घर न बघता जो भाव सांगतो तो फक्त प्लेटांचा भाव सांगत असतो. घरातलं वायरिंग, अर्थिंग, मेन स्विच यांचं काय करायचं ते काम सुरू झाल्यावर निघतं, आणि मग "हे कोटेशनमध्ये नव्हतं" असं ऐकून घ्यावं लागतं.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवू. तुम्ही 'पॅनल' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर गच्ची असते. वायरमन 'पॅनल' म्हणतो ते जिन्याखालच्या बोर्डाला. "पॅनल बदलायला लागतंय" हे ऐकून एक काकू हबकल्याच होत्या, "अजून बसवलं कुठंय?" म्हणून या पत्रकात गच्चीवरच्या त्या प्लेटा, आणि भिंतीवरचा तो बोर्ड.

किती किलोवॅट लागेल

वर्षभराची वीजबिलं काढा आणि युनिटची बेरीज करून बाराने भागा. १ किलोवॅटची सोलर यंत्रणा आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट देते. महिन्याला २४० युनिट जळत असतील तर २ किलोवॅट पुरतात. १ किलोवॅटला सावली न पडणारी सुमारे १०० चौरस फूट गच्ची लागते. टाकीची सावली मोजताना डिसेंबरची धरा, तेव्हा ती सगळ्यात लांब पडते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन एप्रिल-मेच्या निम्म्यावर येऊ शकतं. कोल्हापूरचा पाऊस आहे तो, त्याला कोणत्याही कंपनीची प्लेट काही करू शकत नाही. उन्हाळ्यात जादा गेलेले युनिट नेट मीटरमधून (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) पावसाळ्याच्या बिलात वळते होतात.

महिन्याला ९० युनिटच जळत असतील तर घाई करू नका. पहिल्या १०० युनिटचा दर मुळात कमी असतो, त्यामुळे पैसे वसूल व्हायला बराच काळ जातो. आणि "बिल शून्य" या जाहिरातीवर जाऊ नका. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार येतोच.

सबसिडी कोणाच्या खात्यात

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी तेवढेच. त्यासाठी प्लेटा भारतात बनवलेल्या सेलच्या लागतात, त्यांना बाजारात 'डीसीआर' म्हणतात. कोटेशनवर हा शब्द लिहून घ्या, कारण त्या महाग असतात आणि स्वस्त कोटेशनमधून नेमका हाच शब्द गायब असतो.

पैसे थेट तुमच्या खात्यात येतात, आमच्या नव्हे. "सबसिडी वजा करून एवढेच द्या" असं कोणी म्हणालं तर उरलेली रक्कम तो कुठून आणि कोणाकडून घेणार ते विचारा. विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का, तेही तुम्हाला तिथेच बघता येतं.

बऱ्याच घरांचं घोडं नावावर अडतं. घर मुलाचं, पैसे मुलाचे, आणि वीजबिल अजून आजोबांच्या नावावर. अर्ज करण्याआधी बिलावरचं नाव बदलून घ्या. आम्हाला विचाराल तर सोलरचा विचार मनात आला त्याच आठवड्यात हे काम हातात घ्या, बाकी सगळं नंतर.

बोर्ड: कधी बदलायचा, कधी नाही

राजारामपुरीतल्या एका जुन्या घरात आम्ही पाहणीला गेलो होतो. लाकडी पेटी, आत चिनी मातीचे दोन फ्यूज, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात कोणीतरी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून घातलेले. म्हणजे घरची वायर आधी जळणार आणि फ्यूज मागाहून. अशा घरात बोर्ड बदलल्याशिवाय आम्ही सोलर जोडत नाही. दोन्ही तारा एकदम तोडणारा मेन स्विच, प्रत्येक लाईनला वेगळी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), आणि शॉक लागताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी एवढं तरी तिथे हवंच.

आरसीसीबी बसवली की जुन्या घरात ती कधीकधी दिवसातून चारदा पडते. मग कोणीतरी सुचवतं, "काढून टाका, कटकट आहे." ती पडते याचा बहुतेक वेळा अर्थ असा की कुठेतरी ओल आली आहे, गिझरची कॉइल गेली आहे, किंवा कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेत. ते शोधायला वायरमनला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस आम्ही कोटेशनमध्ये आधीच वेगळा दाखवतो.

उलट, गेल्या दहा-बारा वर्षांत बांधलेल्या घरात एमसीबीचा डबा धड असेल, त्यात एक-दोन जागा रिकाम्या असतील आणि अर्थिंग मोजून बरोबर आलं, तर नवा बोर्ड कशाला? सोलरसाठी वेगळी एमसीबी बसते आणि काम होतं. तिथेही कोणी नवा बोर्ड गळ्यात मारत असेल तर कारण लिहून मागा. तीन फेजचंही तसंच. ३ किलोवॅटची यंत्रणा भर दुपारी जेमतेम १३ अँपिअर देते, त्यासाठी तीन फेज लागत नाही. पण येत्या वर्षात इलेक्ट्रिक गाडी आणि ७ किलोवॅटचा चार्जर घ्यायचा बेत असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे भिंत दोनदा फोडावी लागणार नाही.

मंजूर भार (बिलावरचा 'सँक्शन्ड लोड') कमी पडतो म्हणून पैसे मागणारेही भेटतात. केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी लागत नाही, आणि त्यासाठी भार वाढवावा लागला तर ते काम महावितरणचं आहे.

वायर कुठे जोडली, हे स्वतः बघा

हे जरा सविस्तर सांगतो. एका घरात आमच्या आधी कोणीतरी बसवलेली यंत्रणा होती. केबल वाचवायला सोलरची वायर पहिल्या मजल्याच्या लाईनला मधेच जोडली होती. त्या वायरची ताकद २० अँपिअर, म्हणून खाली एमसीबीही २० ची. पण दुपारी खालून २० आणि मधून सोलरचे १३ असे ३३ अँपिअर त्या वायरमधून वाहू शकतात, आणि एमसीबीला मात्र २० च दिसतात. ती पडणारच नाही. जोडाजवळचं वायरचं आवरण तपकिरी होऊन कडक झालं होतं, नखाने त्याचा तुकडा पडला. सोलरची वायर स्वतंत्रपणे थेट मेन बोर्डापर्यंत आली पाहिजे, मधे कुठेही नाही.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर आणखी एक काळजी. सोलरची वायर त्या इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या बाजूला कधीही जोडायची नाही. लाईट गेली की घरचा इन्व्हर्टर वीज देऊ लागतो, सोलरला वाटतं लाईट आली, आणि ते उलटी वीज ढकलून घरचा इन्व्हर्टर जाळतं. एरवी बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेल्यावर बंदच पडतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. "लाईट गेली तरी चालतंय" असं सांगणाऱ्याने बॅटरीची किंमत धरली आहे का, ते बघा.

तुमचं घर डीपीपासून लांब, लाईनच्या शेवटी असेल, तर दुपारी व्होल्टेज आधीच चढलेलं असतं. त्यात बारीक आणि लांब केबल टाकली की ते आणखी चढतं आणि ऐन उन्हात सोलर बंद पडत राहतं. ग्राहक प्लेटांना शिव्या देतो, दोष असतो केबलचा. पाहणीला येणाऱ्याने दुपारी व्होल्टेज मोजायलाच हवं.

अर्थिंग तीन वेगळी लागतात: प्लेटांचं, बोर्डाचं आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचं. जुन्या मीठ-कोळशाच्या खड्ड्याला तिन्ही बांधून "झालं अर्थिंग" म्हणणाऱ्याला मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. ५ ओहमच्या वर असेल तर झालेलं नाही.

पंचगंगेच्या काठच्या वस्त्यांत राहणाऱ्यांसाठी: बोर्ड आणि सोलरचा इन्व्हर्टर (प्लेटांची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) २०१९ आणि २०२१ च्या पुरांपैकी जी रेघ उंच असेल तिच्या वर बसवा, मग केबल जास्त लागली तरी चालेल. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत प्लेटांच्या तारांत वीज असते, त्यामुळे पाण्यात बुडालेल्या इन्व्हर्टरला हात लावायचा नाही.

काम कोणाला द्यावं

आम्हालाच द्या असं आमचं म्हणणं नाही. तिघांना बोलवा. जो गच्चीवर जाण्याआधी मीटरपेटी बघतो, स्लॅबला भोकं पाडणार की काँक्रीटचे ठोकळे ठेवणार हे आपणहून सांगतो, आणि भोकं पाडणार असेल तर गळतीची हमी लिहून देतो, तो बरा. वायरिंग परवानाधारक वायरमन करणार का, हे विचारा. दोन वर्षं जुनं एखादं काम दाखवायला सांगा, नवं नको. नव्या कामावर सगळेच चकचकीत असतात. प्लेटांची २५ वर्षांची हमी कंपनीची असते. पण इन्व्हर्टर बिघडला तर फोन उचलणार कोण? योजनेनुसार ५ वर्षं देखभाल विक्रेत्याकडेच आहे, तरी त्याचं दुकान कुठे आहे ते एकदा बघून या. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावर द्या. आम्हीही तेव्हाच घेतो.

आमची पाहणी मोफत असते आणि साधारण दीड तास चालते. त्या दिवशी दोनच गोष्टी तयार ठेवा: वर्षभराची बिलं आणि मीटरपेटीची चावी. चावी आदल्या दिवशीच शोधून ठेवा, बऱ्याच घरांत आमचा पहिला अर्धा तास तिच्यातच जातो.