छिद्रं जुळली म्हणजे चाक बसलं, असं नाही

इंदुरात टायरच्या दुकानावर उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पीसीडी मैच है भैया, लग जाएगा." पीसीडी म्हणजे बोल्टची छिद्रं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. तो जुळला की रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने आवळतात त्या भागावर, चढते हे खरं. पण स्प्रिंगा बदलून खाली बसवलेल्या स्पोर्ट्स कारचं तेवढ्यावर भागत नाही.

उंचीचं गणित सोपं आहे. 205/55 आर 16 म्हणजे 205 मिमी रुंदी, तिच्या 55 टक्के उंचीची बाजू आणि 16 इंची रिम. एकूण व्यास 632 मिमी. 225/45 आर 17 चा 634. स्पीडोमीटरला फरक जाणवणारही नाही.

खरी मेख ऑफसेटमध्ये आहे. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते हा आकडा सांगतो. रिमवर 'ईटी 45' असं कोरलेलं असतं. समजा, साडेसहा इंच रुंदीची ईटी 45 रिम काढून 8 इंच रुंदीची ईटी 35 लावली. रुंदी 38 मिमी वाढली, दोन्हीकडे 19-19. शिवाय अख्खी रिम 10 मिमी बाहेर सरकली. म्हणजे बाहेरची कड 29 मिमी पुढे, थेट फेंडरखाली. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. अशा लाटेवर खाली केलेल्या गाडीचं चाक उसळलं की टायर फेंडरला घासतो.

घासणं निदान ऐकू येतं. दुसरा परिणाम ऐकूही येत नाही. पुढचं चाक वळतं ते एका तिरक्या अक्षाभोवती: वर स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या उभ्या खांबाचं) बेअरिंग, खाली बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर फिरणारा सांधा. हा अक्ष जमिनीला जिथे भिडतो, तिथपासून टायरच्या टेकलेल्या भागाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. ब्रेकचं बल गुणिले हे अंतर, इतका टॉर्क चाकाला पिळतो. एका चाकावर 3000 न्यूटन बल असेल, तर 10 मिमीने 30 न्यूटन-मीटरचा फरक पडतो. दोन्ही चाकांना सारखी पकड असली की डावा-उजवा टॉर्क एकमेकांना खोडतो. पण डावं चाक रेतीवर आणि उजवं कोरड्या डांबरावर असताना ब्रेक लागला, तर गाडी उजवीकडे ओढली जाते. टायरचा मध्य अक्षाच्या आत, म्हणजे अंतर उणे असेल, तर तोच टॉर्क उजव्या चाकाला डावीकडे वळवतो आणि गाडी सावरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कित्येक गाड्या मुद्दाम अशाच बनवतात. समजा, हे अंतर उणे 8 मिमी आहे. ईटी 45 ऐवजी ईटी 35 लावल्याने बाहेर सरकलेले 10 त्यात मिळवा: अधिक 2. आता टॉर्क गाडी ओढली जाते त्याच बाजूला चाक वळवतो. स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती, लावला तरी हेच होतं.

कंपन्या गाडी बाजारात आणण्याआधी चाचणी ट्रॅकवर पारखून घेतात; पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक आपल्या शेजारीच आहे. त्या मेहनतीची भरपाई नव्या चाकाखाली लिंबू चिरडून होत नाही, आणि नायट्रोजन भरूनही नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

225/45 टायरला साडेसात इंच रुंदीची ईटी 45 रिम घ्या. कडा दोन्हीकडे जेमतेम 13 मिमी सरकतात, स्क्रब रेडियस जागच्या जागी राहतो. घेण्याआधी स्टीअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून आतल्या बाजूला टायर आणि स्ट्रटमधली फट तेवढी बघा.