पंचविसाव्या अंकावर अडलेली संख्या

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

ही संख्या एका दमात वाचायच्या भानगडीत पडू नका. डावीकडून एकेक अंक उघडत चला. पहिले दोन अंक म्हणजे ३६, त्याला २ ने भाग जातो. तीन घेतले की ३६०, त्याला ३ ने. चार घेतले की ३६०८, त्याला ४ ने. पहिले सात अंक, ३६०८५२८, म्हणजे ७ गुणिले ५१५५०४. जितके अंक घ्याल तितक्याने भाग जातो, बाकी शून्य, आणि हे थेट पंचविसाव्या अंकापर्यंत चालतं. शेवटी २५ असल्यामुळे ती शेवटची पायरी तर नुसत्या नजरेनेही कळते.

(पडताळायला स्प्रेडशीट उघडणार असाल तर जपून. बहुतेक स्प्रेडशीट पंधरा अंकांपर्यंतच अचूक असतात, पुढे गुपचूप शून्यं भरतात. कागदावरचा भागाकार बरा.)

अशा संख्यांना पॉलिडिव्हिजिबल म्हणतात. त्या सापडतात कशा? एकेक अंक जोडून. १ ते ९ पैकी कुठल्याही अंकापुढे सम अंक लावला की २ ने भाग जाणारच, म्हणून दोन अंकी अशा संख्या ४५. तीन अंकी १५०, चार अंकी ३७५, आणि नऊ अंकी होईपर्यंत २४९२. दहाव्या पायरीवर मात्र पर्याय एकच उरतो: शून्य. ते प्रत्येकीला लावता येतं, त्यामुळे दहा अंकीही बरोबर २४९२. मला या यादीतली ही जागा सगळ्यात आवडते, कारण भरती इथे थांबते.

पुढे ओहोटी. ११ ने भाग जायला शेवटी ० ते १० पैकी ठरावीक एकच आकडा हवा असतो, आणि १० काही एका घरात बसत नाही. ज्यांना नेमका तोच लागतो त्या गळतात. विसाव्या पायरीवर ० ते १९ पैकी एक हवा, हाताशी अंक दहाच. एकोणीस अंकी ९० होत्या, वीस अंकी ४४ उरतात. तेवीस अंकी ६, चोवीस अंकी ३, पंचवीस अंकी एक.

तीच ही वरची. तिच्यापुढे शून्य लावून २६ ने भागलं तर बाकी १२ उरते. पूर्ण भाग जायला आणखी १४ हवेत, आणि सगळ्यात मोठा अंक ९. संपलं. एकअंकीपासून इथवर मोजल्या तर अशा संख्या एकूण २०४५६.

हे सगळं दशमान पद्धतीचं देणं आहे, हेही खरं. द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याच्या पद्धतीत, हा खेळ दोन अंकांतच आटोपतो. तिथल्या १० ला, म्हणजे आपल्या दोनाला, २ ने भाग जातो. पुढे १०० किंवा १०१ लिहिता येतं, म्हणजे चार किंवा पाच, आणि ३ ने दोहोंपैकी एकालाही भाग जात नाही.