कॅम्पिलोबॅक्टर: ४२ अंशांवर वाढणारा जिवाणू

जानेवारी २०२५मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात ‘जीबीएस’ (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) हा शब्द घरोघरी पोहोचला. आधी जुलाब, मग पायांना मुंग्या, मग जिनाही चढवेना. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. (संस्था विषाणूंची, सापडला मात्र जिवाणू! काही नमुन्यांत नोरोव्हायरसही होता.)

हा जिवाणू जुनाच. १८८६मध्ये थिओडोर एशेरिश यांना जुलाबाने दगावलेल्या बाळांच्या आतड्यांत मळसूत्रासारखे वळलेले जंतू दिसले होते, पण प्रयोगशाळेत ते वाढेनात. मेंढ्यांच्या गर्भपातामुळे पशुवैद्यांना त्याचे भाऊबंद ठाऊक झाले. माणसांचे डॉक्टर मागेच राहिले. कारण साधे होते. हवेतला २१ टक्के प्राणवायू या जंतूला सोसत नाही, त्याला जेमतेम ५ टक्के लागतो. शिवाय तो ४२ अंशांवर उत्तम वाढतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान जवळपास तेवढेच, म्हणून तिच्या आतड्यात तो सुखाने राहतो. १९७२मध्ये ब्रुसेल्सला गाळणीच्या युक्तीने तो शौचातून वेगळा काढता आला, आणि १९७७मध्ये मार्टिन स्किरो यांनी सोपी पद्धत दिल्यावर तो जिथे शोधावा तिथे सापडू लागला.

गियाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी या लकव्याचे, म्हणजे जीबीएसचे, वर्णन केले १९१६मध्ये. जंतू आणि लकवा हे दोन्ही धागे जुळले ते १९८०च्या दशकात. जंतूच्या आवरणावरची साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते. प्रतिकारशक्ती फसते आणि स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. असे या जंतूची लागण झालेल्या हजारात एखाद्यालाच होते, म्हणूनच रुग्णांचा एवढा आकडा ऐकून डॉक्टर हादरले.

नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१मध्ये महापालिकेत आली. शुद्धीकरण केंद्रातले पाणी मात्र आले नाही. भिस्त विहिरीवरच राहिली. अफवा चिकनवर घसरल्या. माझ्या मते पूर्ण शिजलेल्या चिकनला घाबरायचे कारण नाही. खरा धोका कच्चे चिकन नळाखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत आणि त्याच सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरण्यात आहे. पाणी उकळून प्यावे, कच्चे दूध टाळावे.

जंतू पोटात गेल्यावर २ ते ५ दिवसांत ताप, पोटात कळा, कधी रक्ताचे जुलाब होतात. बहुतेकांना आठवड्यात उतार पडतो. मुंग्या येतात त्यानंतर, १ ते ३ आठवड्यांनी, जुलाबाचा विसर पडल्यावर. तेव्हा डॉक्टरांना त्या जुलाबांबद्दलही सांगावे.