नोंदणी झाली म्हणजे नोंद झाली असं नाही

शेतजमिनीचा व्यवहार झाला की गावात चार दिवसांनी विचारणा होते, "काय, नोंद झाली का?" घेणारा सांगतो, "झाली की, त्याच दिवशी." त्याच्या डोक्यात असते दुय्यम निबंधकांकडची दस्त नोंदणी. विचारणाऱ्याला हवी असते तलाठ्याकडची फेरफार नोंद. एका अक्षराच्या या घोळात शेतकऱ्याचं अख्खं वर्ष जातं, आणि हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

नोंदणी कुणाला समजावून सांगायला नको. मुद्रांक, साक्षीदार, अंगठा, फोटो आणि शेवटी हातात इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. मालकी बदलते ती या खरेदीखताने.

फेरफार नोंद महसूल खात्याची. ती गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत होते आणि मंजूर झाली की तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. ती मालकी देत नाही. फेरफारामुळे मालकी हक्क निर्माण होत नाही आणि जातही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात स्पष्ट केलंय. पण सोसायटी पीककर्ज देते ती सातबारा बघून. पीकविमा, अनुदान, ई-पीक पाहणी, सगळीकडे सातबाऱ्यावरचंच नाव चालतं. म्हणून दोन्ही लागतात.

खरी फसगत पुढे आहे. "आता सगळं ऑनलाइन आहे, खरेदी झाली की सातबारा आपोआप बदलतो," हे वाक्य एजंटांच्या तोंडी सर्रास असतं आणि मला त्याची मनापासून चीड आहे. ई-फेरफार, म्हणजे फेरफाराची संगणकीय पद्धत, आल्यापासून आपोआप होतं ते एवढंच, की दस्ताची सूचना संगणकातून महसूल खात्याकडे जाते. पूर्वी खरेदीखताची नक्कल घेऊन तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागे, ती पायपीट वाचली. ही सुधारणा मोठी आहे आणि मी तिचा पक्का समर्थक आहे.

पण सूचना आली म्हणजे तलाठी नोंद फक्त "धरतो". फेरफाराला क्रमांक पडतो आणि हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्यानंतर कागद तपासून मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याचा भंग असेल, किंवा घेणारा शेतकरीच नसेल, तर दस्त नोंदलेला असूनही फेरफार नामंजूर होऊ शकतो. मग प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, तेही साठ दिवसांत. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 157 प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते ती प्रमाणित नोंद. धरलेल्या नोंदीला ते वजन नाही.

आमच्या शेजारच्या काकांनी 32 गुंठे घेतले. इंडेक्स टू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवला. दहा महिन्यांनी पीककर्जासाठी सातबारा काढला तर नाव विकणाऱ्याचंच. खात्यात विकणाऱ्याची मुंबईला दिलेली बहीण सामाईक होती. तिचा पत्ता अर्धवट, त्यामुळे नोटीस बजावलीच गेली नव्हती. नोंद धरलेली होती, क्रमांकही पडलेला होता, पण दहा महिन्यांत काकांना कुणी एका शब्दाने कळवलं नाही. पत्ता आम्ही मिळवून दिला, नोटीस पोचली आणि नोंद प्रमाणित झाली. तोवर त्या हंगामाचं कर्ज हुकलं होतं.

हे काकांना घरबसल्या दिसलं असतं. नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर "प्रलंबित फेरफार" अशी ओळ असते आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांकही असतो. लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद मिटतात. ही ओळ आधी वाचा. आपल्या गटावर कुठला फेरफार चालू आहे ते महसूल खात्याच्या "आपली चावडी" या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतं.

आणि ते "डिजिटल सहीचा सातबारा काढलाय, आता काळजी नाही" हेही सोडा. पंधरा रुपये भरून मिळणारी ती प्रत कामकाजाला चालते, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरची फुकटची फक्त बघायला. फरक तेवढाच. फेरफार अडकलेला असेल तर सहीच्या प्रतीवरही जुनंच नाव येतं.

खरेदीच्या दिवशीच सगळ्या सामाईक खातेदारांचे पूर्ण पत्ते आणि मोबाइल नंबर लिहून घ्या. नोटीस बजावली गेली की पंधरा दिवस मोजा आणि सोळाव्या दिवशी तलाठ्यांना विचारा, "भाऊसाहेब, आमची नोंद प्रमाणित झाली का?" नुसतं "नोंद झाली का" असं विचारू नका. त्याला "हो" हे उत्तर नोंद धरल्याच्या दिवसापासूनच मिळतं.